थंड खोलीतला सल्ला

परवा अमरावतीहून मावसबहिणीचा फोन आला. "दादा, कम्प्युटर आपोआप बंद होतो, फॉरमॅट मारू का?" मी जवळजवळ ओरडलोच, "थांब! काही करू नकोस!" ती बिचारी दचकली. तिला काय माहीत, याच प्रश्नावर मी एकदा केवढी माती खाल्ली आहे ते.

तर मंडळी, आज ती गोष्ट. घरातल्या निम्म्या लोकांना ती ठाऊक आहे, पण प्रत्येकाकडे वेगळी आवृत्ती आहे. एकात मी हुशार आहे, एकात मूर्ख. खरी आवृत्ती दुसरीच्या जास्त जवळ आहे, म्हणून एकदा नीट लिहून काढतो.

२०२४ चा मे महिना. आमच्या अकोटला काकांच्या घराची पुढची खोली रस्त्यावर उघडते. तिथे धाकटा चुलतभाऊ दुकान चालवतो. झेरॉक्स, टायपिंग, लग्नपत्रिका, ऑनलाइन अर्ज. एक प्रिंटर, एक स्कॅनर आणि २०१४ साली जुळवून घेतलेला एक कम्प्युटर, चौथ्या पिढीचा कोअर आय-थ्री. एवढ्यावर संसार. मे-जून म्हणजे त्याचा सुगीचा काळ. त्या वर्षी बारावीचा निकाल २१ मेला लागला आणि दहावीचा २७ मेला. निकाल लागला की दाखले, उत्पन्नाची प्रमाणपत्रं, प्रवेशाचे अर्ज यांची रीघ लागते. आणि नेमका त्याच सुमारास कम्प्युटर दहा-बारा मिनिटं चालून फटकन बंद पडायला लागला.

त्याने मला पुण्याला फोन केला. "दादा, काहून बंद पडून राह्यला समजतच नाही. आत्ता चालू केला, आत्ता गेला."

मी तेव्हा ऑफिसात होतो. एसी चोवीसवर, हातात कॉफी. मी अर्ध्या मिनिटात निदान केलं. "व्हायरस असेल. पेन ड्राइव्ह लावतात ना लोक तुझ्याकडे? फॉरमॅट मार, विंडोज नवीन टाक."

त्याने मारला. दादा पुण्याला कम्प्युटरमध्येच आहे, तो सांगतो म्हणजे बरोबरच असणार! त्याच्या सगळ्या फायली डेस्कटॉपवर होत्या, म्हणजे सी ड्राइव्हवर. चार-पाच वर्षांच्या लग्नपत्रिकांचे नमुने, गिऱ्हाइकांचे स्कॅन केलेले कागद, एका मंदिराच्या वर्गणीचा हिशोब... सगळं गेलं. आणि नवं विंडोज टाकल्यावर कम्प्युटर पुन्हा बाराव्या मिनिटाला बंद.

मग तो कम्प्युटर उचलून दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेला. तिथे दहा मिनिटांत उत्तर मिळालं: मदरबोर्ड गेला, जुना बोर्ड आता मिळत नाही, सगळंच नवीन घ्या, अठ्ठावीस हजार. माझ्याच जातीचं निदान, फक्त महाग.

हे सगळं मला कळलं ते चार दिवसांनी, मी सुटीला अकोटला पोहोचल्यावर. काकांनी बियाण्याचे पैसे काढून ठेवले होते. मृगाला पंधरा दिवस उरलेले. काका जेवताना शांतपणे म्हणाले, "नेऊ दे त्याले. पऱ्हाटी काय, उधारीवरही पेरता येते." काकू काही बोलल्या नाहीत. ताटात वाढत राहिल्या. मला घास गिळेना. फायली तर माझ्यामुळे गेल्याच होत्या, आता पेरणीही उधारीवर जाणार होती. म्हटलं, एक दिवस द्या मला.

आता थोडं हवेबद्दल सांगतो, कारण सगळी मेख तिथे आहे. त्या आठवड्यात अकोला जिल्ह्यात पारा ४५ च्या वर गेला होता. २५ मेपासून महिनाअखेरपर्यंत जिल्हाधिकाऱ्यांनी उन्हासाठी कलम १४४ लावलं होतं. तेव्हा दंगलीसाठी लावायचे ते कलम, उन्हासाठी! वऱ्हाडाबाहेरच्या मित्रांना हे सांगितलं की ते हसतात. दुपारी दोन वाजता अकोटच्या रस्त्यावर उभं राहून पाहा म्हणावं.

दुपारी जेवण झाल्यावर मी खोलीत बसलो आणि या वेळी फक्त पाहत राहिलो. भावाला विचारलं, "सकाळी किती वेळ चालतो?" तो म्हणाला, "सकाळी सहाले लावला तर घंटाभर चालते. दुपारी दहा मिनिटं. लगेच चालू केला तर दोनच मिनिटं." मी कपाळावर हात मारला. हे एवढं जरी मी फोनवर विचारलं असतं! व्हायरस काही घड्याळ पाहून येत नाही आणि थर्मामीटर पाहून तर नाहीच. सकाळी जास्त, दुपारी कमी, लगेच लावला तर अगदीच कमी. असा नमुना दिसला की संशय उष्णतेवर घ्यायचा.

दुसरी परीक्षा आणखी सोपी. कम्प्युटर सुरू होताना बायोसमध्ये जायचं. तिथे हार्डवेअर मॉनिटर किंवा पीसी हेल्थ नावाचं एक पान असतं, त्यावर प्रोसेसरचं तापमान दिसतं. तिथेच थांबायचं, पुढे विंडोजमध्ये जायचंच नाही. आम्ही दोघं त्या आकड्याकडे पाहत बसलो. ७४. ८१. ८८. काका पण येऊन उभे राहिले, क्रिकेटचा स्कोअर पाहावा तसे. ९३. ९६. आणि पडदा काळा.

म्हणजे विंडोज सुरूच झालेलं नव्हतं, तरी कम्प्युटर बंद पडला. मग विंडोजचा दोष कुठला? ज्या फॉरमॅटपायी त्या पोराची पाच वर्षांची कामं गेली, त्याचा या दुखण्याशी काडीचाही संबंध नव्हता. ही परीक्षा फुकट होती आणि पाच मिनिटांची होती. मी ती सांगितली नाही, कारण मला घाई होती आणि मला उत्तर माहीत आहे असं मला वाटत होतं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. असं बंद पडणं हा बहुतेक वेळा बिघाड नसतो, ती राखण असते. आजचे प्रोसेसर फार तापले की आधी आपला वेग कमी करतात आणि तेवढ्याने भागलं नाही तर वीज तोडायला लावतात. मदरबोर्डचीही स्वतःची एक मर्यादा असते. पूर्वी सगळ्यांकडे ही सोय सारखी नव्हती. २००१ मध्ये टॉम्स हार्डवेअर या संकेतस्थळाने एक प्रयोग दाखवला होता, चालू प्रोसेसरवरचा हीट सिंक उचलून घ्यायचा. पेंटियम फोर मंदावला पण जगला, एएमडीचा अ‍ॅथलॉन मात्र काही क्षणांत जळून गेला. तेव्हा बंद पडणाऱ्या यंत्रावर चिडण्याआधी त्याचे आभार मानावेत. आमच्या भावाचा प्रोसेसर दिवसातून पंधरा वेळा बंद पडला, म्हणून तर जिवंत राहिला.

मग डबा उघडला. (आपण त्या अख्ख्या डब्यालाच सीपीयू म्हणतो ना, त्यातला खरा सीपीयू काडेपेटीपेक्षाही लहान असतो!) पंखा फिरत होता. दुरुस्तीवाल्यानेही तेवढंच पाहिलं असावं. पण पंखा काढल्यावर खाली जे दिसलं ते पाहून आम्ही तिघंही गप्प झालो. हीट सिंकच्या पात्यांवर कापसाची अख्खी गादी बसली होती. अक्षरशः कापसाची. आमच्या त्या रस्त्यावरून दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत जिनिंगकडे कापसाच्या गाड्या जातात. तूस उडतं, दारातून आत येतं, पंखा ते ओढून घेतो. हिवाळाभर ते साठत जातं आणि कुणाला कळत नाही, कारण हवाच थंड असते. मे उजाडला की हिशोब चुकता होतो.

काका म्हणाले, "अरे, याले तर आपण दुलई पांघरली!"

दुसरं कारण हीट सिंक हलवून पाहिल्यावर सापडलं. तो बोर्डवर प्लास्टिकच्या चार खुंट्यांवर दाबून बसवलेला असतो. त्यातली एक खुंटी सुटून वर आली होती आणि हीट सिंक एका कोपऱ्यात प्रोसेसरला नीट टेकतच नव्हता. मधली थर्मल पेस्ट वाळलेल्या चुन्यासारखी झाली होती. आणि तिसरं कारण तर रोज डोळ्यांसमोर होतं. कम्प्युटर टेबलाच्या खालच्या बंद कप्प्यात तो डबा ठेवलेला, मागे भिंत. स्वतःचीच गरम हवा पुन्हा पुन्हा ओढून घेत होता.

मी मुद्दाम एकेक गोष्ट केली आणि प्रत्येकीनंतर आकडा पाहिला. सगळं एकदम केलं तर कुठल्या उपायाने गुण आला ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी आपण पुन्हा आंधळेच.

आधी वायर काढली आणि पॉवरचं बटण दाबून धरलं, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. रंगाच्या मऊ ब्रशने तूस सोडवलं, ब्लोअरने उडवलं. पंख्याची पाती बोटाने धरून ठेवली, नाहीतर ब्लोअरच्या वाऱ्याने तो गरगर फिरून खराब होतो. (तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते. हे मी भावाला तीन वेळा सांगितलं आणि चौथ्यांदा स्वतःच फुंकलो.) डबा पुन्हा त्याच कप्प्यात ठेवला. भर दुपारी, खोलीत ४१ अंश असताना, बायोसमधला आकडा ८३ वर जाऊन थांबला. बंद पडला नाही.

मग हीट सिंक काढला, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातून आणलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने जुनी पेस्ट पुसली आणि नवी लावली. पेस्ट म्हणजे भाकरीवरचं लोणी नव्हे, तुरीच्या दाण्याएवढी पुरते. चारही खुंट्या टक् असा आवाज येईपर्यंत दाबल्या. आकडा ६८. शेवटी डबा कप्प्यातून काढून उघड्या स्टुलावर, भिंतीपासून हातभर पुढे ठेवला. ६१. एकूण खर्च दोनशे ऐंशी रुपये आणि एक दुपार.

काकांनी बियाण्याचे पैसे पुन्हा कपाटात ठेवले. बोलले काहीच नाहीत, फक्त त्या दिवशी चहा दोनदा झाला.

आता मला जे म्हणायचं आहे ते. आपण वापरतो ती बहुतेक यंत्रं आणि आपल्याला मिळतो तो बहुतेक सल्ला थंड खोलीतून आलेला असतो.

मी २००५ मध्ये अमरावतीला होस्टेलवर असताना पेंटियम फोर घेतला होता. प्रेस्कॉट म्हणायचे त्याला, तापण्यासाठी प्रसिद्ध! त्या काळच्या कॅबिनेटच्या बाजूच्या झाकणाला आतून एक प्लास्टिकचं नळकांडं असायचं, आठवतंय का? आम्ही ते अडचण म्हणून काढून फेकलं होतं. बऱ्याच वर्षांनी कळलं की ते बाहेरची हवा थेट प्रोसेसरच्या पंख्यापर्यंत नेण्यासाठी होतं. इंटेलने कॅबिनेट बनवणाऱ्यांना सांगितलं होतं की खोलीत ३५ अंश असताना पंख्यापाशी पोहोचणारी हवा ३८ च्या वर जाऊ नये. म्हणजे त्यांच्या हिशोबात खोली जास्तीत जास्त ३५ ची! अकोटला मे महिन्यात ३५ अंश कधी असतात? पहाटे, कधीकधी.

गणित अगदी सोपं आहे. प्रोसेसर खोलीच्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही, तो त्या हवेच्या वर काही अंश चढतो. तेच काम, तोच पंखा, तर चढही साधारण तोच. तो ४० अंशांचा धरला तर पुण्याच्या चोवीसच्या खोलीत ६४ आणि अकोटच्या बेचाळीसच्या खोलीत ८२. तुसाने चढ ६० वर नेला तर पुण्यात ८४, म्हणजे काम चालू. अकोटात १०२, म्हणजे दुकान बंद. बिघाड तोच, पण एका गावात तो कुणाला दिसतही नाही आणि दुसऱ्या गावात पेरणीचे पैसे घेऊन जातो. म्हणून पुण्यातून दिलेला माझा सल्ला चुकला. मी माझ्या खोलीतला कम्प्युटर डोळ्यांपुढे ठेवून बोलत होतो.

गंमत म्हणजे उष्णता हाताळण्यात आमचे लोक काही अडाणी नाहीत. अकोट-अंजनगावकडे पानमळे आणि पानपिंपरी आहेत. झाडांच्या सावलीत, पाणी राखून, याच उन्हात ते नाजूक वेल जगवतात. कूलरच्या ताट्या कधी बदलायच्या, खिडकी किती उघडी ठेवायची, हे काकूंना कुणी शिकवावं लागत नाही. पण यंत्र म्हटलं की आपण हे सगळं शहाणपण चपलेसारखं दाराबाहेर काढून ठेवतो. "कंपनीने विचार केलाच असन ना," असं काका मला म्हणाले. केलाय, पण आपल्या हवेचा नाही. तो आपल्यालाच करायचा आहे. त्या डब्यासमोर कूलरचा ओला झोत सोडलेला होता, तोही आम्ही वळवला. मागच्या जाळीवर खाऱ्या पाण्याची पांढरी पुटं चढली होती. गार हवा चांगली, पण पाण्याचे तुषार नकोत.

दुरुस्तीवाल्याबद्दल घरात बरंच वाईट बोललं गेलं. मला ते तेवढं पटत नाही. त्याच्या दुकानात त्या आठवड्यात वीस-पंचवीस डबे रांगेत होते. दोन तास बसून कारण शोधलं तर त्याला मिळणार किती? दोनशे रुपये मागितले तर आपणच म्हणतो, "नुसतं पाह्याचे कायचे पैसे?" डॉक्टरला तपासणीची फी देतो, वकिलाला सल्ल्याची देतो, पण कारागिराने डोकं चालवलं तर त्याचे पैसे द्यायला आपला हात आखडतो. पार्टचे पैसे मात्र निमूट देतो. मग तो पार्टच विकणार. स्वच्छ निदान हवं असेल तर त्याची किंमत द्यायला शिकायला हवं. आणि मी तर फुकट निदान केलं होतं, ते सगळ्यात महाग पडलं.

नवीन काही घेऊच नये असं माझं म्हणणं नाही. कपॅसिटर फुगलेले असतील, बोर्ड खरंच गेला असेल तर घ्यावंच लागतं. भावाच्या कम्प्युटरचेही दिवस भरत आलेत. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला आणि चौथ्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाही. लोकांचे कागद हाताळणाऱ्या दुकानाला ते परवडणारं नाही, हे त्यालाही कळतं. पण तो निर्णय पेरणी झाल्यावर, भाव विचारून, शांत डोक्याने घ्यायचा. दुखणं एक आणि खरेदीचं कारण दुसरं, ही गल्लत घाबरलेल्या माणसाची होते.

अकोटला आता रिवाजच पडला आहे. होळी झाली की कूलर उतरवून धुतात, त्याच दिवशी कम्प्युटरचा डबाही अंगणात येतो. काका स्वतः ब्रश घेऊन बसतात. भाऊ दर शनिवारी फायलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढतो. गेलेल्या फायली मात्र परत आल्या नाहीत. फॉरमॅटनंतर त्याच ड्राइव्हवर विंडोज टाकलेलं, खूप प्रयत्न केले, थोडेफार फोटो निघाले. ते मंदिराचं वर्गणीचं पुस्तक त्याने पावत्यांवरून पुन्हा टाइप केलं, सोळा रात्री बसून. मला एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

असो. मावसबहिणीला मी परवा एवढंच विचारलं, "सकाळी किती वेळ चालतो आणि दुपारी किती?" ती म्हणाली, "पाहून सांगते." अजून फोन आलेला नाही, वाट पाहतोय. यावेळी पाहिल्याशिवाय काही सांगणार नाही.